गुळाला पाझर का फुटतो?

श्रावणातला एखादा झिमझिम पावसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकात साखर आहे, दुसऱ्यात गूळ. दोन्ही डब्यांची झाकणे सारखीच सैल आहेत आणि दोघांना लागणारी हवाही तीच आहे. आठ दिवसांनी झाकणे उघडली, तर साखरेचे दाणे फार तर थोडे दमटलेले दिसतील. गुळाच्या खड्याभोवती मात्र तपकिरी, चिकट रसाचे तळे साचलेले असेल. गुळाला पाझर फुटला, असे आपण म्हणतो.

"हवेतला ओलावा लागला," हे याचे नेहमीचे उत्तर. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. साखर आणि गूळ एकाच उसाच्या रसाची लेकरे आहेत आणि दोघांमध्ये मुख्य पदार्थ एकच, तो म्हणजे सुक्रोज. मग एकाने ओलावा पिऊन वितळावे आणि दुसऱ्याने कोरडे राहावे, असे का? उरलेले अर्धे उत्तर शोधताना आपल्याला रसायनशास्त्राच्या एका अगदी नव्या शाखेत डोकवावे लागते. आणि तिथले शास्त्रज्ञही, गंमत म्हणजे, याच ओलाव्यापायी काही वर्षे गोंधळात पडले होते.

हा प्रश्न केवळ डब्यापुरता नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. पर्जन्यछायेतला हा जिल्हा, पण प्रवरा आणि गोदावरी यांच्या कालव्यांखाली उसाचे मळे उभे राहिले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले, आणि त्याच्या मागोमाग सहकारी कारखान्यांची रांगच लागली. गुऱ्हाळातला गूळ टिकणार की पाझरणार, कारखान्यात उसातली किती साखर पोत्यात जाणार आणि किती मळीबरोबर वाहून जाणार, हे शेवटी पाण्याच्या थोड्याशा अंशावर ठरते. त्यात उसवाल्याच्या पैशांचा प्रश्न आहे.

कोरडे अधिक कोरडे, बरोबर ओले

गुळाकडे वळण्याआधी एका जुन्या घरगुती औषधाची आठवण करून देतो. अमृतधारा तुम्ही पाहिली असेल. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे (पेपरमिंटचे) फूल हे तीन कोरडे, स्फटिकमय पदार्थ समभाग घेऊन बाटलीत घालतात, बूच लावतात आणि हलवतात. पाण्याचा एक थेंबही न घालता थोड्याच वेळात बाटलीत पातळ द्रव तयार होतो. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, ते सुमारे ५१ अंश सेल्सियसला वितळते. पेपरमिंटचे फूल म्हणजे मेंथॉल, त्याचा द्रवणांक सुमारे ४२ अंश आहे. कापूर तर १७० अंशांच्याही वर वितळतो. तिघेही एकेकटे खोलीच्या तापमानाला घनरूप असतात, पण एकत्र येताच द्रव होतात!

अशा मिश्रणांना युटेक्टिक मिश्रणे म्हणतात. 'सहज वितळणारे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री याने १८८४ मध्ये घडवले. दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात मिसळत गेले, तर एका ठरावीक प्रमाणाला मिश्रणाचा द्रवणांक सर्वांत खाली जातो. तो त्याचा युटेक्टिक बिंदू. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो तेव्हा याच बिंदूकडे निघालेला असतो. मीठ आणि पाणी यांचा युटेक्टिक बिंदू शून्याखाली सुमारे २१ अंशांवर आहे, आणि त्या मिश्रणात शेकडा २३ च्या आसपास मीठ असते.

हे असे का व्हावे? वितळणे म्हणजे दोन ओढींमधली रस्सीखेच आहे, असे समजा. स्फटिकात रेणू एकमेकांना धरून, ओळीने, शिस्तीत बसलेले असतात. ही धरून ठेवणारी ओढ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मोकळे होऊन कसेही विखुरण्याची प्रवृत्ती असते. उष्मागतिकीत या विखुरलेपणाच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात. तापमान जितके जास्त, तितका या दुसऱ्या बाजूचा जोर वाढतो, आणि ज्या तापमानाला दोन्ही बाजू समान होतात तो द्रवणांक. आता द्रवात एकाऐवजी दोन तऱ्हेचे रेणू असले, तर ते अधिक प्रकारांनी विखुरले जाऊ शकतात. द्रव होण्याच्या बाजूला गडी वाढला, म्हणून कमी तापमानालाच ती बाजू जिंकते. हे कारण सगळ्याच मिश्रणांना लागू आहे.

पण काही जोड्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. एका पदार्थाच्या रेणूला स्वतःच्या भाऊबंदांपेक्षा शेजाऱ्याच्या रेणूचीच ओढ अधिक वाटते. ही ओढ बहुतेक वेळा हायड्रोजन बंधाची असते. एका रेणूवरच्या ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन दुसऱ्या रेणूवरच्या ऑक्सिजनकडे, नायट्रोजनकडे किंवा क्लोराइड आयनाकडे खेचला जातो, तो हा बंध. शेजाऱ्याची ओढ जास्त असली की रेणूंना परत आपापल्या स्फटिकात जाऊन बसावेसे वाटत नाही, आणि द्रवणांक नेहमीच्या हिशेबापेक्षाही खोल जातो. अशा मिश्रणांना 'डीप युटेक्टिक', म्हणजे खोल युटेक्टिक मिश्रणे म्हणतात. कोणत्या मिश्रणाला हे विशेषण खरोखर शोभते याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत. मात्र पोर्तुगालमधल्या आवेरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की थायमॉल आणि मेंथॉल ही जोडी या कसोटीला पुरेपूर उतरते. थायमॉल आपला हायड्रोजन सहज पुढे करतो आणि मेंथॉल तो आनंदाने स्वीकारतो. आपल्या आज्यांच्या बाटलीत एक अस्सल डीप युटेक्टिक द्रव होता!

युरिया आणि कोंबड्यांचे खाद्य

या द्रवांकडे जगाचे लक्ष गेले ते मात्र दुसऱ्याच एका जोडीमुळे. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये कोलीन क्लोराइड आणि युरिया यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. युरिया तुमच्या शेतात पडतो तोच. कोलीन क्लोराइडही परके नाही, ते कोंबड्यांच्या खाद्यात पोषक घटक म्हणून मिसळतात. युरिया १३३ अंशांना वितळतो. कोलीन क्लोराइडचा द्रवणांक सुमारे ३०२ अंश सांगतात, पण तिथे पोहोचेपर्यंत ते विघटित होऊ लागते. एक भाग कोलीन क्लोराइड आणि दोन भाग युरिया (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने) घेऊन तापवले की स्वच्छ, दाट द्रव मिळतो. तो निवला तरी घट्ट होत नाही. १२ अंशांपर्यंत तो द्रवच राहतो, असे त्यांनी नोंदवले.

स्वस्त, पेट न घेणारा, सहसा न उडून जाणारा हा द्रव धातूंची ऑक्साइडेही विरघळवतो. पेट्रोलियमपासून बनणाऱ्या घातक विद्रावकांऐवजी तो वापरता येईल का, हे पाहण्यासाठी अनेक प्रयोगशाळा कामाला लागल्या. आणि मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. एकाच प्रमाणातले तेच मिश्रण, पण द्रवणांक प्रत्येकाचा वेगळा! कोणी १२ म्हणे, कोणी १७, कोणी २५. मिश्रण आणि त्याचे घटक अत्यंत काटेकोरपणे वाळवून मोजले, तेव्हा आकडा २५ ते ३० अंशांच्या आसपास गेला.

चोर कोण, हे तुम्ही ओळखले असेलच. कोलीन क्लोराइड हे हवेतला ओलावा अधाशासारखे पिणारे मीठ आहे. बाटलीचे बूच उघडून पदार्थ वजन करेपर्यंतच त्यात थोडे पाणी शिरते. म्हणजे ज्याला सगळे 'दोन घटकांचे मिश्रण' समजत होते ते पुष्कळदा तीन घटकांचे होते, आणि वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे तिसरा गडी द्रवाच्याच बाजूने ओढत होता.

थोडेसे पाणी एवढा फरक कसा पाडते? येथे एक छोटा हिशेब करू या. मिश्रणात शेकडा पाच ग्रॅम पाणी आहे असे धरा. पाच म्हणजे किरकोळ, असे वाटते. पण पाण्याचा रेणू फार हलका आहे, त्याचा रेणुभार १८. कोलीन क्लोराइडचा सुमारे १४० आणि युरियाचा ६०, तेव्हा एकास दोन या प्रमाणात सरासरी येते सुमारे ८७. आता ५ ला १८ ने आणि ९५ ला ८७ ने भागा. उत्तरे येतात सुमारे ०.२८ आणि १.०९. म्हणजे दर पाच रेणूंमागे जवळजवळ एक रेणू पाण्याचा! वजनाचे आकडे पाण्याच्या बाबतीत नेहमी असे फसवतात. उष्मागतिकीला वजनाशी कर्तव्य नसते, ती डोकी मोजते.

पाणी आत शिरून काय करते?

द्रवणांक उतरवणे हे पाण्याचे एकच काम झाले. दुसरे काम तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. कोरडे मिश्रण पाण्याच्या सातशे-आठशे पट दाट असते, ओतले की मधासारखी धार धरते. शास्त्रीय भाषेत त्याची श्यानता फार असते. शंभरात दहा भाग पाणी घाला, श्यानता एक-दशांशाच्याही खाली येते. कारण रेणूंनी एकमेकांना हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात धरून ठेवलेले असते. पाण्याचा रेणू चिमुकला आणि चपळ. तो जाळ्याच्या गाठींमध्ये शिरतो आणि मोठ्या रेणूंना एकमेकांवरून सरकायला वाट करून देतो. हा प्रयोग तुम्ही काकवीवर करू शकता. उंच पेल्यात काकवी घ्या, वरून काचेची गोटी सोडा आणि तळाला जायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग एकेक चमचा पाणी नीट ढवळून मिसळा आणि पुन्हा मोजा. कोणत्या चमच्याला सर्वांत मोठा फरक पडला, ते टिपून ठेवा.

आकारमानही बदलते. अर्धा पेला पाणी आणि अर्धा पेला स्पिरिट मिसळले तर पेला काठोकाठ भरत नाही, थोडा रिताच राहतो, हे तुम्ही वर्गात शिकला असाल. कोलीन क्लोराइड आणि युरिया यांच्या द्रवात पाणी घातले तरी एकूण आकारमान बेरजेपेक्षा कमी भरते. लहान रेणू मोठ्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत बसतात आणि जवळ ओढले जातात. उष्माधारितेचे तर सरळच आहे. एक ग्रॅम कोरडे मिश्रण एक अंशाने तापवायला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते, म्हणून पाणी वाढेल तसा विशिष्ट उष्मा वाढत जातो.

मिसळताना उष्णता बाहेर पडेल की शोषली जाईल, हे मात्र घटकांवर अवलंबून असते. चिमूटभर युरिया तळहातावरच्या पाण्यात विरघळवा, हात थंड पडेल. ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळले तर ते किंचित कोमट होते. जुने बंध तोडायला लागणारी उष्णता आणि नवे बंध जुळताना सुटणारी उष्णता यांच्या वजाबाकीचा हा खेळ आहे. युरियाऐवजी ग्लिसरीन घेऊन केलेल्या डीप युटेक्टिक मिश्रणात पाणी घातले की उष्णता बाहेर पडते. याचा अर्थ असा की पाण्याला तिथे जागा मिळते, आणि पहिल्यापेक्षा पक्की मिळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आत शिरलेले पाणी स्वतःही पूर्वीचे राहत नाही. बंधांच्या जाळ्यात अडकलेला पाण्याचा रेणू सहजासहजी वाफ होऊन निसटू शकत नाही. त्यामुळे अशा मिश्रणावरच्या वाफेचा दाब शुद्ध पाण्यापेक्षा बराच कमी असतो. या दोन दाबांच्या गुणोत्तराला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची क्रियाशीलता एक. चांगल्या मधात शेकडा १८ च्या आसपास पाणी असते, तरी त्याची क्रियाशीलता ०.६ च्या जवळपासच असते. जंतूंना पाणी नुसते असून भागत नाही, मोकळे मिळावे लागते. बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत, आणि ०.६ च्या खाली तर साखरेला सरावलेले किण्वसुद्धा हात टेकतात. मध वर्षानुवर्षे टिकतो तो यामुळे. त्यातले पाणी शेकडा २० च्या वर गेले की मात्र तो आंबण्याची भीती असते.

मग पाणी वाढवतच नेले तर? या जाळ्याचे काय होते, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या कॅरेन एडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनांचा झोत वापरला. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. कोलीन क्लोराइड-युरिया मिश्रणात वजनाने शेकडा ४२ भाग पाणी होईपर्यंत मूळ रचना टिकून राहते! पाणी कोलीनच्या आयनांभोवती लहान लहान कप्प्यांत जमते आणि बाकीच्यांचा संसार चालू राहतो. ५१ टक्क्यांना मात्र पालट होतो. आता दर सहा रेणूंत पाच पाण्याचे असतात, आणि ते एकमेकांशीच जास्त बोलू लागतात. जे उरते त्याला डीप युटेक्टिक द्रव म्हणण्यात अर्थ नाही, ते युरिया आणि कोलीन क्लोराइड यांचे साधे पाण्यातले द्रावण असते. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनाही २०१५ मध्ये साखरा आणि आम्ले यांच्या मिश्रणांबाबत असेच आढळले होते. साधारण निम्म्याहून अधिक पाणी घातले की घटकांमधले हायड्रोजन बंध जवळजवळ नाहीसे होतात.

सगळीच खोल मिश्रणे पाण्याला घरात घेत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमृतधारेचे चार थेंब पाण्यात टाका. ते तेलासारखे वर तरंगतात. थायमॉल, मेंथॉल आणि कापूर यांचे रेणू बव्हंशी कार्बन-हायड्रोजनचे, त्यामुळे पाण्याला तिथे धरायला जागाच थोडी.

पुन्हा गुळाकडे

लायडनच्याच मंडळींनी २०११ मध्ये वनस्पतींच्या पेशींत सापडणाऱ्या साखरा, आम्ले आणि अमिनो आम्ले यांची अशी पुष्कळ द्रव मिश्रणे नोंदवली आणि त्यांना नैसर्गिक डीप युटेक्टिक विद्रावक असे नाव दिले. सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे त्यांच्या यादीतले एक त्रिकूट होते, आणि त्याला द्रव राहण्यासाठी थोडे पाणी लागतेच. हे त्रिकूट गुऱ्हाळवाल्याच्या चांगले परिचयाचे आहे, नावे ठाऊक नसली तरी.

उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. तो काहिलीत उकळू लागला की आम्ल आणि उष्णता यांच्या प्रभावाने काही सुक्रोजचे विघटन होते. सुक्रोजचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू तयार होतो. गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो ती आंबटपणा मारून हे विघटन आवरण्यासाठी, आणि भेंडीचे चिकट पाणी घालतो ते मळी वर आणण्यासाठी. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला, किंवा लोळलेला असला, तर विघटन आधीच पुष्कळ झालेले असते, आणि त्या रसाचा गूळ मऊ होतो.

रस आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे, तेव्हा तिथे शुद्ध पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काकवी उतरवायची ती साधारण १०५ अंशांना, गूळ उतरवायचा तो ११८ च्या सुमारास. हे वीस अंश कुठून आले? साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेले पाणी सोडवायला जास्त तापवावे लागते, तिथून. जुना गुळव्या तापमापक न वापरता पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो, पण तोही मोजत असतो ते पाण्याची क्रियाशीलताच.

तयार गुळात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी राहते. मघाचाच हिशेब इथे करा. सुक्रोजचा रेणुभार ३४२. शंभर ग्रॅम गूळ सगळा सुक्रोज आणि पाणीच आहे असे धरले, तर ५ भागिले १८ आणि ९५ भागिले ३४२. दोन्ही उत्तरे सुमारे ०.२८! ज्या खड्याला आपण कोरडा म्हणून खिशात टाकतो, त्यात साखरेच्या प्रत्येक रेणूमागे जवळजवळ एक रेणू पाण्याचा आहे.

आता पाझराचे कोडे उलगडते. प्रत्येक विरघळणाऱ्या स्फटिकाची एक ठरलेली आर्द्रता असते. हवा त्याहून दमट झाली की स्फटिक हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतो. शुद्ध सुक्रोजसाठी ही मर्यादा सुमारे ८५ टक्के आहे, फ्रुक्टोजसाठी ६२ च्या आसपास. पण दोन-तीन साखरा एकमेकींना चिकटून असतील, तर मर्यादा त्या सर्वांच्या खाली उतरते. तर्क ओळखीचाच आहे. मिश्र द्रवात तऱ्हातऱ्हांचे रेणू विखुरतात, पाण्याला धरायला अनेक हात मिळतात, त्याचा बाष्पदाब घटतो आणि हवेतली वाफ आत येऊ लागते. गुळात तिन्ही साखरा आहेत, शिवाय पोटॅशियमसारखे क्षारही आहेत. पावसाळी हवेत साखरेचा डबा मर्यादेच्या अलीकडे राहतो आणि गुळाचा पलीकडे जातो. मग शिरलेले पाणी श्यानता घटवते, रस ओघळतो, नव्या पृष्ठभागाला हवा लागते. पाणी पुरेसे मोकळे झाले की बुरशी आणि आंबणे आलेच.

खतांच्या बाबतीत हा प्रकार याहून थरारक आहे. ३० अंश तापमानाला युरियाची मर्यादा ७३ टक्क्यांच्या आसपास, अमोनियम नायट्रेटची ५९. दोन्ही एकत्र केली की १८! नगरची भर उन्हाळ्यातल्या दुपारची रखरखीत हवासुद्धा या मिश्रणाला ओले करायला पुरते. म्हणूनच युरिया आणि नायट्रेटयुक्त खते एकत्र कालवून ठेवू नयेत असे सांगतात. एका रात्रीत त्यांचा चिखल होतो. (हा प्रयोग तुम्ही करू नका. अमोनियम नायट्रेट स्फोटक असून आपल्याकडे त्याच्यावर २०१२ पासून खास नियमांचे बंधन आहे.)

कारखान्यातली अडचण उलट्या बाजूची आहे. तिथे पाणी काढून सुक्रोजचे स्फटिक मिळवायचे असतात. शंभर टन उसामागे चार-साडेचार टन मळी निघते, आणि त्या मळीत अजूनही सुमारे एक-तृतीयांश सुक्रोज असते. म्हणजे सव्वा ते दीड टन साखर, जी पोत्यात न जाता आसवनीत जाते. ती का निघत नाही? ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षार यांच्या गर्दीत सुक्रोजला द्रवातच राहणे सोयीचे होते. आणखी पाणी काढले, तर स्फटिक होण्याची ओढ वाढते खरी, पण द्रव इतका दाटतो की रेणू स्फटिकापर्यंत पोहोचूच शकत नाहीत. उष्मागतिकी म्हणते 'जा', श्यानता म्हणते 'थांब'. म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या घट्ट पाकात कधी कधी थोडे पाणी मुद्दाम घालावे लागते. साखर विरघळू नये, पण पाक हलता राहावा, इतकेच. या मोजमापातले कौशल्य पुस्तकात कमी आणि पॅनवाल्याच्या हातात जास्त असते, असे माझे मत आहे.

आता एक प्रयोग, ज्याला खर्च जवळजवळ नाही. घट्ट झाकणाचे दोन डबे घ्या. एकाच्या तळाशी वाटीत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवा. द्रावणात न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे. अशा द्रावणावरची हवा नेमकी ७५ टक्के आर्द्रतेची राहते, हिवाळा असो की उन्हाळा, फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या डब्यात नुसत्या पाण्याची वाटी ठेवा, तिथे आर्द्रता शंभराजवळ जाईल. प्रत्येक डब्यात दोन बशा ठेवा, एकीत दहा ग्रॅम साखर, दुसरीत दहा ग्रॅम चिरलेला गूळ. रोज एका ठरावीक वेळी चारही बशा प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोला, लगेच परत ठेवा आणि आठ दिवसांचा आलेख काढा. मिठाच्या डब्यात साखर आपले वजन राखील आणि गूळ वाढत जाईल. पाण्याच्या डब्यात दोघेही वाढतील. जमल्यास गुळाचे दोन नमुने घ्या, एक पिवळा धमक, कडक आणि एक काळपट, मऊ. दोघांच्या आलेखांची चढण सारखी येते का, आणि येत नसेल तर कोणाच्या रसात चुना कमी पडला असावा, हे आठव्या दिवशी वर्गात ठरवा.